सुदामचा ट्यूबा

दुकानातले दोन्ही पितळी ट्यूबा जुळ्या भावांसारखे होते. वीस वर्षं बँडमालकाचा वाजवल्यावर सुदाम आज स्वतःचा घेणार होता, म्हणून चुकायचं नव्हतं.

“किती फुंकाल?” बायको म्हणाली. “नवरा पसंत करायला मला एवढा वेळ लागला नव्हता.”

“म्हणून तर जपून घेतोय.”

डाव्यावर त्याने वरातीची चाल वाजवली. दुकानाबाहेर थांबलेली एका नवरदेवाची सजलेली घोडी कडबा खात राहिली. उजव्यावर तीच चाल लागताच तिने कडबा टाकला आणि वरात निघाली असं समजून ठुमकत चालू लागली.

अर्धा फेटा बांधलेला नवरदेव धावत आला. “आमचा बँड आलाच नाही, मामा. थांबू नका.”

पुढे घोडी, मागे सुदाम, त्यामागे पायी नवरदेव आणि शेवटी दुकानदार, अशी वरात मांडवात पोचली.

“हा बरा वाटतोय,” सुदाम दुकानदाराला म्हणाला.