प्रवाळांचं पाणी

बाथरूममधला शॉवर चालू होता तोवरच तिनं कॅनची तोटी सोडली, पेला भरला आणि उभ्या उभ्या घटाघटा पिऊन टाकला. शॉवर थांबला तेव्हा पेला पुसून जागेवर गेला होता.

हॉलमधल्या काचेच्या टाकीत नवऱ्याचे प्रवाळ होते. ‘माझी पोरं’ म्हणायचा तो त्यांना. आणि त्या पोरांचे लाड काय विचारता! साधं नळाचं पाणी त्यांना चालत नसे. चार नळकांड्यांच्या फिल्टरमधून ते थेंबथेंब गाळायचं, कॅनमध्ये साठवायचं, टाकीत घालण्याआधी मीटर बुडवून बघायचं. मीटरनं शून्य दाखवलं की स्वारी खूश. एकदा तिनं पेलाभर नळाचं पाणी टाकीत ओतलं, तर दोन दिवस अबोला धरला होता.

बायकोची मात्र तीन महिने दशा झाली होती. पोट ढवळायचं, केसांचे पुंजके हातात यायचे. ताईकडे पंधरा दिवस राहिली तेव्हा ठणठणीत. परत आली आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. स्वयंपाक ती स्वतः करायची, दोघं एकाच भांड्यातलं जेवायची. फरक एकच. ऑफिसला जाताना तो तिच्या पिण्याच्या पाण्याचा जग स्वतः भरून ठेवायचा.

“दिवसभर पीत जा गं,” तो म्हणायचा. “तुला पाणीच कमी पडतं.”

हे लक्षात आलं त्या दिवशी ती दार लावून ढसाढसा रडली. पण सांगते कुणाला? डॉक्टर म्हणाले होते, मनाला फार लावून घेता तुम्ही. आणि पुरावा म्हणाल तर कपाळ!

शेवटी तिनं ताईला फोन केला.

“रविवारी गाडी घेऊन येते,” ताई म्हणाली. “तोवर त्याच्या हातचं काही घेऊ नकोस. आणि त्याला कळू देऊ नकोस, बाई.”

एकटीनं जिना उतरायचंही तिच्यात त्राण नव्हतं. नळाचं पाणी खारट, पिववत नसे. म्हणून ती जग गुपचूप बेसिनमध्ये ओतायची आणि कॅनमधलं प्यायची. घरात तेवढंच पाणी भरवशाचं होतं. बायको मेली तर मेली, पण पोरांच्या पाण्यात तो काही कालवणार नाही, इतकं ती त्याला ओळखून होती.

तीन दिवस बरे गेले. कालपासून मात्र बोटांना मुंग्या येत होत्या. जुनंच अंगात मुरलेलं असणार, तिनं मनाची समजूत घातली. उद्या रविवार होता.

नवरा भांग पाडत बाहेर आला. कालचा रिकामा जग बघून हसला.

“संपवलंस की सगळं! शहाणी माझी.”

जग पुन्हा भरून तो कामावर गेला.

दुपारी टाकीवाला आला. दर महिन्याला टाकी साफ करून थोडं पाणी बदलून द्यायचा तो. आज दोन मोठे ड्रम घेऊन धापा टाकत वर चढला होता.

“अहो, एवढं ओझं कशाला आणलंत?” तोटीखालचा पेला उचलून तिनं दोन घोट घेतले. “हा कॅन काठोकाठ भरलाय ना.”

“काय करणार वहिनी,” तो घाम पुसत म्हणाला. “परवा साहेबांचा फोन आला, आता पाणी आमच्या दुकानातलंच. बजावून सांगितलंय, घरातल्या कॅनमधला थेंबसुद्धा टाकीत पडता कामा नये.”