पळणीत सरकलेल्या विटा

गाव भुतांसाठी रिकामं सोडायच्या गावपळणीत आचऱ्यात कुत्रंसुद्धा राहत नाही, आणि देवाचा कौल मिळाल्याशिवाय कुणी परतत नाही. सारिका परतली. तिने प्रोग्रॅम केलेल्या विटा हाताने ढकलल्या की सरकायच्या आणि ढकलू तसा आकार धरायच्या. त्या विटांची खोली उद्या गिऱ्हाइकाला दाखवायची होती.

पाहते तर खोलीच्या दाराच्या जागी सलग भिंत! तिने नवऱ्याला फोन लावला. "माझ्या विटांक हात कोणी लावल्यान?"

"गावात कोण आसा? कौल नाय अजून, भायर ये गो!" सुशांत ओरडला.

"खड्ड्यात गेलो तुझो कौल!"

तिने विटांची बॅटरी उपटून फेकली, म्हणजे आता त्या आपणहून हलणार नव्हत्या, आणि दोन्ही हातांनी भिंत ढकलली. विटा आत गेल्या.

मग तेवढ्याच रागाने त्या बाहेर आल्या. तिच्या हातांपाशी नव्हे, भिंतभर, आतून ढकलणाऱ्या असंख्य पंजांच्या आकाराने.