कुलूप एकीकडंच

शिवलीलानं दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गौरीशंकरच्या टेबलावर हात आपटला. "सोडलेल्या नवऱ्याला माझी फाईल दिसू देऊ नका, असं मागच्या महिन्यात बजावून गेले होते. तरी त्यानं मोबाईलवर तीच उघडून माझा नवा पत्ता काढला, अन् काल दारावर लाथा घातल्या!"

"ताई, त्याची परवानगी काढून टाकलीय की," गौरीशंकर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "पण फाईल इथं धाराशिवलाबी असती अन् उमरग्याच्या शाखेतबी. इथं बंद केलं तरी तिकडं निरोप पोचायला येळ लागतो."

शिवलीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अणदूरची लेक. "आमचा खंडोबाबी दोन गावांत राहतो. पण नळदुर्गला गेला की अणदूरचं देऊळ रिकामं, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. तुमची फाईल मातर दोन्हीकडं, अन् कुलूप एकीकडंच?"

"शांत व्हा. तुमच्या फाईलमधीच तक्रार नोंदवतो." त्यानं चार ओळी टाइप केल्या अन् बटण दाबलं.

ती खुर्चीतून उठते न उठते तोच तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. तिनं स्पीकर लावला.

"माझी तक्रार करायला गेलीस व्हय गं?"

गौरीशंकरनं पहिल्यांदाच मान वर केली. शिवलीलानं फोन त्याच्या तोंडापुढं धरला.

"बोला की आता. ह्यो निरोप कसा लगेच पोचला?"