फोटोचं वळण

खिंडीच्या माथ्यावरच तेवढी रेंज मिळते, आणि तिथेच मेदेरचा फोन वाजला. सोरोनमामा होते.

"जानिश कुठाय?"

"पुढे. पाहुण्यांना तळं दाखवतोय."

"मग ऐक, आणि तोंडावर काही दिसू देऊ नकोस. ताई गेली. दुपारी, बसल्याबसल्या. त्याला सांगू नकोस. गाडीवर आहे तो. नीट घरी आण, इथं आम्ही चार म्हातारे त्याला मधे बसवून सांगू. अंगणात युर्त उभारायला घेतलाय. तिला त्यात ठेवायचंय."

ताई म्हणजे जानिशची आई, त्याची आपा, आणि मेदेरची सख्खी मावशी. मयताला पुरेपर्यंत युर्तमध्ये, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूत, ठेवतात. मरणाची बातमी वाटेत द्यायची नाही, ही रीत घोड्यांच्या काळापासूनची. मोटारसायकली आल्या म्हणून ती बदलली नाही. मेदेरने फोन खिशात टाकला, हेल्मेट चढवलं आणि काच खाली ओढली. रडायला तेवढीच जागा होती.

"काय रे, सासूबाईंचा फोन?" जानिश तळ्याकडून ओरडला. "तोंड लपवून बसलास ते?"

"हवामानाचं होतं. खाली ढग येतायत म्हणे. लवकर उतरू या."

जानिशने आभाळाकडे पाहिलं. औषधाला ढग नव्हता. "तुझ्या डोक्यात आलेत ढग," तो म्हणाला, आणि किक मारायच्या आधी पाहुण्यांना हसून दाखवलं.

सहलीची रांग ठरलेली असते. सर्वांत पुढे जानिश, मधे दोन गाड्यांवर दोन जर्मन जोडपी, सर्वांत मागे मेदेर. त्यातल्या उटेबाईंना मोडकंतोडकं रशियन येत होतं आणि सकाळपासून एकच हौस होती, युर्त उभारताना बघायचा. पण जुलै सरत आलेला. कुरणांवरचे सगळे युर्त कधीचेच उभे होते.

"परतताना कुठेतरी मिळेल," जानिशने त्यांना सांगून टाकलं होतं. "माझा शब्द."

उतरणीवर जानिश एका युर्तपाशी थांबला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, किमिझची, दोन लिटरची बाटली भरून घेतली आणि मेदेरकडे आला.

"तुझ्या गाडीच्या पेटीत टाक. आपाला हवंय, कुरणावरचंच. परवापासून डोकं खाल्लंय म्हातारीनं. आणि झाकण सैल ठेव, नाहीतर खड्ड्यात फसफसून उडेल. मग ती मला घरात घेणार नाही."

मेदेरने झाकण सैल केलं. हाताला काम मिळालं म्हणून पुन्हा घट्ट केलं, पुन्हा सैल केलं.

"आज भलताच शहाण्यासारखा वागतोयस," जानिश म्हणाला. "एकदाही उलटून बोलला नाहीस. पोटात दुखतंय का?"

"थोडं."

"मग पी दोन घोट. आपाला सांगत नाही मी."

मेदेरने बाटली ओठांना नुसती लावली आणि पेटीत ठेवून दिली.

आता एकच अडचण उरली होती, आणि ती रस्त्यातच होती. गावाच्या वर एक वळण आहे, पाहुणे तिथे फोटो काढतात. सगळं खोरं दिसतं, गाव दिसतं, पॉपलरच्या रांगेशेजारचं जानिशचं घर दिसतं. अंगणासकट. तिथे थांबलं नाही तर पुढे घरापर्यंत झाडीच झाडी. वळण चुकवलं की जिंकलं.

मागच्याने कधी पुढे जायचं नसतं. बारा वर्षांत मेदेर कधी गेला नव्हता. वळण जवळ आलं तसा त्याने वेग वाढवला, जर्मनांच्या दोन्ही गाड्यांना मागे टाकलं, जानिशच्या बरोबरीने आला आणि हात हलवून ओरडला, "चल, चल! थांबू नको!"

जानिशने हॉर्न दाबून धरला आणि वळणावरच गाडी उभी केली. मागच्या दोन्ही गाड्याही थांबल्या. मेदेरला परत फिरावं लागलं.

"काय झालंय काय तुला, गाढवा?" जानिश हसतच होता. "फोटो काढू दे की लोकांना!"

मेदेर त्याच्यासमोर, खोऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. एका माणसाच्या पाठीआड एक गाव किती लपणार?

"मिळाला!" उटेबाई टाळ्या वाजवत ओरडल्या. "तिथे बघा! उभारतायत! त्या झाडांपाशी! लग्न आहे का?"

जानिशने मेदेरच्या खांद्यावरून खाली पाहिलं. अंगणात गोल लाकडी सांगाडा उभा होता, माणसं त्याच्यावर नमदा चढवत होती. दाराशी काही पुरुष रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या हातात काठी होती, मयताच्या दारी असते तशी.

मग त्याने मेदेरकडे पाहिलं.

"कधी?"

"दुपारी," मेदेर म्हणाला. "मामांनी मला..."

जानिशने हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. गाडीवर बसला, पण इंजिन सुरू केलं नाही. मुलाने वेशीपासून आईच्या नावाने आक्रोश करत यायचं असतं, आणि तो घरापर्यंत ऐकू गेला पाहिजे. घोड्यावरून तो ऐकू जायचा. इंजिनाच्या आवाजात कसला जातोय!

"जानिश, असं नको. मी सोडतो तुला. जानिश!"

मेदेरने त्याच्या गाडीची मागची पेटी धरली. ती त्याच्या हातातून सुटली. दोनशे किलोची गाडी बंद इंजिनाने उतारावर निघाली, नुसती खडी चुरचुरत होती. पहिल्या झाडीत शिरायच्या आधी जानिशने मान वर केली आणि गळा मोकळा सोडला. लांब, हेलकावत जाणारा सूर.

उटेबाईंनी फोन उंच धरला होता. "किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "काय गातोय तो?"

"आईला हाक मारतोय," मेदेर म्हणाला.

खालून, काठ्यांवर वाकलेल्या पुरुषांनी ओ दिली.