क्षणाचाही उशीर नको

कर्मचाऱ्यांची फोटो आणि पदांसकट क्लाउडवर ठेवलेली माहिती आम्ही ऑफिसच्या ॲपला जोडली, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "तिथे बदल झाला की इथे सभागृहाच्या पडद्यावर दिसलाच पाहिजे. क्षणाचाही उशीर नको!"

आज त्याच सभागृहात रिसेप्शनवरच्या काकांची शोकसभा होती. त्यांच्या बायकोने काकांच्या जागी नोकरी मिळावी म्हणून भीतभीत शब्द टाकला, तेव्हा साहेब हळव्या आवाजात म्हणाले, "वहिनी, आधी दुःखातून सावरा. नोकरी कुठे पळून चाललीय?"

मग माइक हातात घेऊन त्यांनी कोरडेच डोळे पुसले. "काकांची जागा कोणीच घेऊ शकणार नाही."



त्यांच्या मागच्या पडद्यावरून काकांचा फोटो गेला आणि रिसेप्शनच्या चौकटीत साहेबांचा मेव्हणा हसू लागला.