तोंडाला फेस

"हनुवटी जरा वर. हसू नकोस," ताई म्हणाली.

"हसतंय कोण?" धाकटी म्हणाली. "या औषधानं नुसता तोंडाला फेस आणलाय."

डॉक्टर हसले. ताईला मात्र हसू येईना. कॅमेऱ्याची पुसलेली काच तिने पुन्हा पुसली. त्वचेच्या दवाखान्यात रोसेशियावरच्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. गालांवर लाली कायमची मुक्कामाला आलेल्यांसाठी अँटिबायोटिकचा फेस. लाली किती हटली ते कळावं म्हणून प्रत्येकाचा फोटो त्याच खुर्चीत, त्याच दिव्याखाली काढायचा, हे ताईचं काम.

धाकट्या बहिणीला चाचणीत तिनेच ओढून आणलं होतं. आईवडिलांमागे ती ताईच्याच घरी राहायची. शिकलेली, जिभेने तिखट, पण लालबुंद तोंडापायी कोणासमोर यायची नाही. भाऊजी जेवायला बसले तरी हिचं ताट आतल्या खोलीत. परगावची चांगली नोकरी चालून आली होती, तर "गाल बरे झाले की जाईन" म्हणून अडून बसली होती. वर फेस लावायचाही कंटाळा. ताईच रोज मागे लागून चोळायची. आज शेवटचा फोटो, आणि ताईचा जीव टांगणीला लागला होता.

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला. गाल स्वच्छ होते, लहानपणी होते तसे. तिला भरून आलं.

दार ढकलून ताईचा नवरा आत आला. "झालं का? गाडी आडवी लावलीये."

"अहो, हिच्याकडे बघा तरी."

"छान," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

धाकटीचे गाल पेटले. बघता बघता लाली गळ्यापर्यंत उतरली.

"अरेच्चा," डॉक्टर पुढे झाले. "आग होतेय? खाज?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.  ताईचे सगळे कष्ट पाण्यात गेले होते.

"मी गाडी बघतो," म्हणत नवरा बाहेर पडला.

ताईने दिवा तपासला, जागा तपासली. पुन्हा काचेतून पाहिलं. गाल निवळले होते.

तिने दाराकडे पाहिलं. मग दार उघडून तिने नेहमीच्या आवाजात हाक मारली, "अहो, जरा आत या."

तो आला.

"पुन्हा चढतेय," डॉक्टर म्हणाले. "औषध फसलं म्हणायचं."

"नाही डॉक्टर, औषध चांगलं लागू पडलंय," ताई म्हणाली आणि तिने कॅमेरा नवऱ्याच्या तोंडाकडे वळवला.