मधला एल

"हा खांद्यातच अडकतोय रे," ट्रायल रूममधून शकूमावशीचा आवाज आला आणि दारावरून एक्सएल मापाचा कुर्ता माझ्या डोक्यावर पडला. डबल एक्सएल मात्र बेतून शिवल्यासारखा बसला. मावशीनं आरशात बघत मापाचं लेबल कॉलरच्या आत खुपसलं. एल मापाचा कुर्ता बसेपर्यंत आमरस खाणार नाही, असं ती पाडव्याला गणपतीसमोर बोलून बसली होती. घरात हापूसची पेटी पिकत आली होती.

मी तिला समोरच्या दुकानात नेलं. तिथला एल तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. एमही ढगळ झाला. शेवटी एस चपखल बसला.

"काकू, तुम्ही तर एस," सेल्सगर्ल कौतुकानं म्हणाली.

"मी कॉलेजातही एस नव्हते गं."

"म्हणजे एल दोन्हीकडे नाहीच," मी म्हणालो.

मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका. तिनं पंजा पसरून एकेक बोट मोजलं. "एस, एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. या दुकानात मी पहिलं बोट, त्या दुकानात पाचवं. सरासरी काढ."

"एल," मी म्हणालो. इतका थोर हिशेब मी जन्मात पाहिला नव्हता. "पण गणपतीला पटेल?"

"बुद्धीची देवता आहे. त्याला सरासरी कळते."

मग ती रस्ता ओलांडून परत गेली आणि पहिल्या दुकानातला डबल एक्सएल बांधून घेतला.

"एस का नाही घेतलास?"

"पेटी अख्खी आहे अजून," मावशी म्हणाली.